द्राक्षरसाची परीक्षा

परीक्षा घेणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांना कशाचीही परीक्षा घ्यावीशी वाटते. शिंप्याची नजर पाहुण्याच्या सदऱ्याच्या शिवणीवर जाते. गवई दुसऱ्याच्या मैफलीत बसला की आधी तंबोरा जुळला आहे की नाही ते ऐकतो. आणि वीस वर्षे मराठीच्या उत्तरपत्रिका तपासत आलेली माझ्यासारखी प्राध्यापिका लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्यालासुद्धा मनातल्या मनात गुण देऊन मोकळी होते. दहापैकी साडेसहा, आले चांगले, मीठ कमी. ही खोड निरुपद्रवी असल्याने घरच्यांनी ती आजवर चालवून घेतली. गेल्या फेब्रुवारीत मात्र मी परीक्षेला बसवली ती चक्क वाइन. आणि तीही आमच्याच घरी, जेवणाच्या टेबलावर, सासूबाईंच्या देखत.

वाचकांनी दचकू नये. हा लेख पिण्याची शिफारस करणारा नाही. मद्याची निर्धोक अशी मात्राच नसते, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट सांगितले आहे, आणि त्यावर वाद घालण्याचा माझा अधिकार नाही. माझा प्रश्न भाषेचा होता. ज्या नाशिकला आज देशातील वाइनची राजधानी म्हणतात, त्या नाशकात त्या वाइनची चव मराठीत सांगणारा माणूस भेटत नाही. गंगापूर धरणाच्या वाटेवरील एका चाखणगृहात मी हे पाहिले. मुंबईची मंडळी पेला हातात धरून उभी असतात, आणि समोरचा जवळपासच्याच गावातला तरुण त्यांना पाठ केलेल्या इंग्रजीत सांगत असतो की, हिच्यात गूजबेरीचा वास आहे, तिच्यात ब्लॅककरंटचा. गूजबेरी त्याने कधी पाहिलेली नाही, ऐकणाऱ्यांनीही नाही. तरी दोन्ही बाजू माना डोलावतात. न वाचलेल्या कादंबरीवर मार्गदर्शिकेच्या आधाराने चार पाने लिहिणारा विद्यार्थी मला अशा वेळी हटकून आठवतो.

मधूचा मुलूख

द्राक्षाच्या मद्याची ओळख आपल्याला गोऱ्या साहेबाने करून दिली, असा सर्वसाधारण समज आहे. कौटिल्याचे अर्थशास्त्र उघडले तर तो टिकत नाही. सुराध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्याची कामे सांगताना कौटिल्य मद्याचे प्रकार मोजतो: मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु. यांपैकी मधु म्हणजे द्राक्षरसाचे मद्य. आणि ते ज्या मुलखातून येते त्या मुलखाच्या नावाने ओळखले जाते, हेही तो नोंदवून ठेवतो. त्याने दिलेल्या नावांपैकी कापिशायन हे ज्या कापिशीवरून पडले, ती आजच्या अफगाणिस्तानात. म्हणजे मद्याला मुलखाचे नाव लावण्याची रीत आपल्याकडे चांगलीच जुनी आहे. आज 'नाशिक व्हॅली वाइन' या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, ते याच रीतीचे सरकारी रूप म्हणायचे.

मधला इतिहास मात्र तुटक आहे. मुंबई प्रांतात १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि पांढरपेशा घरांत हा विषयच वर्ज्य झाला. नाशिकचे द्राक्ष खाण्यापुरते आणि मनुक्यापुरते उरले. १९८० नंतरच्या दशकात शामराव चौगुले यांनी पुणे जिल्ह्यात नारायणगावला फ्रेंच पद्धतीची फेसाळ वाइन करून दाखवली. पुढे स्टॅनफर्डला शिकलेले राजीव सामंत अमेरिकेतील नोकरी सोडून नाशिकला आले. आईच्या सुलभा या नावावरून त्यांनी 'सुला' हे नाव घेतले आणि २००० साली आपली पहिली वाइन काढली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. निफाड तालुक्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन उद्याने आखली गेली. बागायतदारांनी उत्साहाने नव्या वेली लावल्या. मग २००८-०९ च्या सुमारास मंदी आली, कारखान्यांच्या टाक्या भरलेल्या राहिल्या, द्राक्षाला गिऱ्हाईक मिळेना, आणि अनेकांनी लावलेल्या वेली आपल्याच हातांनी उपटल्या.

माझा एक जुना विद्यार्थी याच काळात बी.ए. होऊन दिंडोरी तालुक्यातील आपल्या शेतीवर गेला होता. त्याच्या वडिलांवर चार एकरांपैकी दोन एकर बाग तोडण्याची पाळी आली. उरलेली दोन एकर बाग तो आजही राखून आहे. मागे भेटला तेव्हा मी सहज विचारले, "तुझ्या द्राक्षाची वाइन कशी लागते रे?" तो म्हणाला, "मॅडम, ते मला कोण सांगणार? मला दोनच गोष्टी कळतात. काटा आणि ब्रिक्स."

ब्रिक्स म्हणजे रसातील साखरेचे माप. रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या लहानशा नळीवर रसाचा थेंब ठेवून ती डोळ्याला लावली की आकडा दिसतो. वाइनचे द्राक्ष साधारण २२ ते २४ ब्रिक्सला तोडतात. वजन आणि हा आकडा, एवढ्यावर त्याचा हिशेब पुरा होतो. ज्याने वर्षभर वेल सांभाळली त्याला आकडा मिळतो आणि चवीचे वर्णन दुसऱ्याच कोणाच्या वाट्याला जाते, ही गोष्ट मला काही केल्या स्वस्थ बसू देईना. त्यातून ही परीक्षा ठरली.

परीक्षक मंडळ

परीक्षक पाच: मी, आमच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिका, शेजारचे निवृत्त अभियंता काका, त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, आणि तो बागायतदार. माझे यजमान पर्यवेक्षक. त्यांनी स्वयंपाकघरात बाटल्यांना वर्तमानपत्राचे कागद गुंडाळून वर नुसते आकडे घातले, कारण नाव आणि किंमत दिसली की जिभेआधी डोळे निकाल देतात. बोर्दो येथे वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला तांबडा रंग मिसळून दिला, तर त्यांनी तिचे वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांत केले, असे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आहे. तिथे आमची काय कथा?

प्रत्येकाला प्रत्येक वाइन तीस मिलिलिटर, म्हणजे पोह्याचे दोन मोठे चमचे. गिळण्याची सक्ती नव्हती. जाणकार परीक्षक चाखून थुंकतातच. त्यासाठी सासूबाईंनी माळ्यावरची पितळी पिकदाणी चिंचेने घासून लखलखीत करून दिली. "पान खाऊन चालतं, तर याला काय झालं?" एवढेच त्या बोलल्या.

गुण वीस: रूपाला २, गंधाला ६, चवीला ८ आणि घोट गेल्यावर मागे रेंगाळणाऱ्या चवीला ४. वीस गुणांची पद्धत कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील विद्यापीठाने रूढ केली; पुढे १९७८ पासून रॉबर्ट पार्कर या अमेरिकन समीक्षकाने शंभर गुणांची पद्धत चालवली, तिच्यात काहीही न करता पन्नास गुण मिळतात. आमच्या विद्यार्थ्यांना ही पद्धत फारच आवडेल! मी नियम एकच घातला: जे आपण स्वतः खाल्ले, हुंगले किंवा चावले आहे त्याचेच नाव लिहायचे.

सहा पेले

पहिली वाइन फेसाळ. तिचे नाव झाकता येत नाही. बूच उडाले की ओळख पटते. हिचे दुसरे आंबणे बंद बाटलीतच होते, त्यामुळे वायू आत कोंडला जातो. मोटारीच्या चाकातल्या हवेच्या दुपटीहून अधिक दाब ती काच सोसत असते. गाळ होऊन बसलेल्या किण्वामुळे वास येतो तो पहाटेच्या पावभट्टीचा. काकूंनी लिहिले, "लिंबू-सोड्याची श्रीमंत जाऊबाई." पाच जणांचे मिळून शंभरात ७१.

दुसरी, सोव्हिन्याँ ब्लाँ. फिकट, जवळजवळ पाण्याच्या रंगाची. नाकाशी नेताच ढोबळी मिरची चिरल्याचा हिरवट वास आणि त्याच्या मागे कच्चा पेरू. चव आंबट आणि टोकदार. काकांना ती मुळीच रुचली नाही. मला पहिल्या पावसानंतरच्या गवताची आठवण झाली. गुण ६४.

तिसरी, शेनिन ब्लाँ. फ्रान्समधील ल्वार नदीकाठची ही वेल नाशिकला चांगली रुळली आहे. पिकलेला पेरू, अननस आणि मधाचा पुसटसा स्पर्श, चव गोडसर. गुण ६९.

चौथी, झिनफँडेलची गुलाबी वाइन, रोझे. काळ्या द्राक्षाची साल रसात थोडाच वेळ राहू दिली की हा रंग येतो. बागायतदार म्हणाला कलिंगड. काकूंनी लिहिले रावळगावची गोळी. त्यावर सगळ्यांचे एकमत झाले, पण लहानपणीच्या गोळीला जे गुण असतात ते गोळीचे नसतात, वयाचे असतात, असे वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी बजावले. गुण ५८.

पाचवी, शिराज. गर्द जांभळी. करवंद, जांभूळ, आणि वर नुकत्याच कुटलेल्या काळ्या मिऱ्याचा झणका. हा भास नव्हे. मिऱ्यात जे रोटुंडोन नावाचे द्रव्य असते तेच शिराजच्या सालीत सापडते, हे ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये दाखवून दिले. गंमत अशी की सुमारे पाचात एका माणसाच्या नाकाला हा वास मुळी लागतच नाही. आमच्यात त्या नेमक्या वनस्पतिशास्त्राच्या बाई निघाल्या! आम्ही चौघे मिरी मिरी म्हणत असता त्या पेला पुनःपुन्हा हुंगून "कुठे आहे?" विचारत राहिल्या. तेव्हा दोघांचे मतभेद म्हणजे एकाचे अज्ञान, असे चवीच्या बाबतीत म्हणता येत नाही. बागायतदाराने घोट तोंडात घोळवला आणि तो हलकेच म्हणाला, "साल चावल्यावर असंच लागतं." शिराज हीच त्याची वेल. गुण ७६, दिवसातील सर्वांत अधिक.

सहावी, कॅबर्ने सोव्हिन्याँ. ओकच्या पिंपात मुरलेली, त्यामुळे व्हॅनिलाचा आणि नव्या फर्निचरचा वास. तोंडात घेताच गालफडे आत ओढली गेली. काका म्हणाले, "कात." काकू म्हणाल्या, "चिकणी सुपारी." गुण ६६.

येथे एक अनपेक्षित गोष्ट घडली. सासूबाई थेंबालाही शिवणार नव्हत्या, पण नाकाला उपास नाही, असे म्हणून त्या सगळे पेले एकामागून एक हुंगत होत्या. सहाव्या पेल्याशी त्या थांबल्या, परत दुसऱ्याकडे गेल्या, पुन्हा सहावा हुंगला आणि म्हणाल्या, "अगं, ही काळी दिसतेय खरी, पण आहे त्या दोन नंबरच्याच घरातली. तीच ढोबळी मिरची."

कागद उलगडल्यावर वनस्पतिशास्त्राच्या बाई खुर्चीतून उठल्याच. कॅबर्ने सोव्हिन्याँ ही वेल कॅबर्ने फ्राँ आणि सोव्हिन्याँ ब्लाँ यांच्या संकरातून जन्मली, हे १९९७ मध्ये डेव्हिस येथे जनुकांची तपासणी करून सिद्ध झाले आहे. दुसऱ्या पेल्यातली पांढरी ही सहाव्यातल्या काळीच्या आईबापांपैकी एक. आणि हिरव्या मिरचीचा वास देणारे द्रव्य दोघींतही असते. प्रयोगशाळेने जे नाते जनुकांतून शोधले, ते चौऱ्याहत्तर वर्षांच्या नाकाने आमच्या टेबलाशी ओळखले.

फेरतपासणी

पर्यवेक्षकांनी माझ्याशी संगनमत न करता एक खोडी केली होती. सहाव्यानंतर त्यांनी सातवा पेला आणला. तो होता तिसराच, शेनिन ब्लाँ, नव्या आकड्याखाली. काकांनी आधी तिला अकरा गुण दिले होते, आता पंधरा दिले. मंडळाचे एकूण ६९ चे ७४ झाले. दोन्ही वेळा तंतोतंत सारखे गुण देणारा एकच निघाला, बागायतदार.

काकांना हसण्याचे कारण नाही. रॉबर्ट हॉजसन यांनी कॅलिफोर्नियाच्या राज्य प्रदर्शनातील मुरलेल्या परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन नकळत तीनदा दिली. जवळजवळ सारखे गुण देणारे परीक्षक दहात एखादाच निघाले. हा अभ्यास २००८ चा. आणि आमच्या बाबतीत कारणही समोर होते. आवळा खाऊन पाणी प्यायले तर पाणी गोड लागते. कॅबर्नेच्या तुरटपणावर गोडसर शेनिन आली, ती तशीच अधिक गोड लागली. उत्तरपत्रिकांचेही असेच असते. सुमार पाच उत्तरपत्रिकांनंतर येणारी बरी उत्तरपत्रिका उत्तम वाटू लागते, म्हणून तर विद्यापीठे दुसरा परीक्षक नेमतात.

म्हणजे आकड्यांचा भरवसा मर्यादित. पण वर्णनांचे काय? मी दोन्ही कागद शेजारी ठेवले. आकडे हलले होते, शब्द फारसे हलले नव्हते. तिसऱ्याला "पिकला पेरू, गोडसर" लिहिणाऱ्यांनी सातव्यालाही पेरूच लिहिला होता. फक्त "गोडसर"चे "गोड" झाले होते.

भाषेतली मोजपट्टी

या "गोडसर"ने मला नंतर बरेच दिवस नादी लावले. आपल्या भाषेत चवीच्या पायऱ्या आधीच कोरलेल्या आहेत. आंबूस, आंबटसर, आंबट, आंबटढाण. गोडूस, गोडसर, गोड, गोडमिट्ट. कडसर, कडवट, कडू, कडूजहर. कोणत्याही मराठी घरात कैरीच्या डाळीला किंवा कारल्याच्या भाजीला यांतला नेमका शब्द बिनचूक लावला जातो, आणि ऐकणाऱ्याला तो बिनचूक कळतो. ही मोजपट्टीच नव्हे तर काय? वासासाठीही हिरवट, धुरकट, करपट, खमंग, कुबट, खवट अशी रांग उभी आहे. आणि यातले काही शब्द गुण सांगतात तर काही दोष. बिघडलेली वाइन ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते असे परदेशी पुस्तके सांगतात. आपल्याकडे "कुबट" एवढे म्हटले की पुरते.

तुरटाची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. पाश्चात्त्य शास्त्राने मूळ चवी चार मानल्या. १९०८ साली जपानच्या इकेदा यांनी उमामी ही पाचवी दाखवली. तुरटाला त्या यादीत जागा नाही, कारण ती जिभेची चव नसून तोंडाला जाणवणारा स्पर्श आहे: सालीतील आणि बियांतील टॅनिन लाळेतील प्रथिनांना धरून ठेवते आणि तोंड कोरडे पडते. शास्त्र म्हणून हे ठीकच आहे. पण आपल्या षड्रसांत मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त यांच्या पंगतीला कषायाचे, म्हणजे तुरटाचे पान पहिल्यापासून मांडलेले आहे. आवळा, जांभूळ, सुपारी, कात, हिरवे केळ, हिरडा यांवर वाढलेल्या जिभेला तांबड्या वाइनचे मुख्य लक्षण सांगायला कोणाची उसनवारी करावी लागत नाही. आवळ्याचा तुरटपणा शेवटी गोडीकडे वळतो, सुपारीचा वळत नाही, हा भेद कोणत्याही आजीला ठाऊक असतो. आणि चांगली व साधारण तांबडी वाइन यांत पुष्कळदा हाच भेद असतो.

ज्यांच्या घरी वाइन येत नाही आणि येऊही नये असे वाटते, त्यांनीही हा खेळ यंदा फराळाच्या ताटावर खेळून पाहावा. डोळे झाकून चार घरच्या चार चकल्या. आधी शब्द लिहायचे, गुण मागाहून द्यायचे. कोणाच्या भाजणीत धने अधिक भाजले गेले आहेत, कोणाचे तेल जुने आहे, हे नाक आणि जीभ सांगतील. घरातील वडीलधाऱ्या बायका पहिल्या येतील, असे माझे भाकीत आहे.

त्या संध्याकाळी बागायतदाराने जाण्यापूर्वी आम्हाला एक गोष्ट सांगितली. आपल्याकडे एप्रिलात खरड छाटणी होते, पाऊस सरताना गोडी छाटणी होते, आणि जानेवारी ते मार्च तोडणी. युरोपात वेल थंडीत झोपते. नाशिकला ती झोपत नाही, म्हणून ही दोनदा छाटणी. कधी तोडायचे ते ब्रिक्सवर ठरते, पण तो स्वतः आधी बी चावून पाहतो. खाण्याचे टपोरे द्राक्ष बिनबियांचे. वाइनचे वाटाण्याएवढे, जाड सालीचे, बियांचे. "बी हिरवं असलं तर कडवट लागतं, दाताखाली दबतं. पिकलं की तपकिरी होतं, कडकन वाजतं, भाजलेल्या दाण्यासारखं लागतं. साल आधी सुपारीसारखी असते, मग जांभळावर येते. जांभळावर आली की मी तोडायला सांगतो."

वीस वर्षांत इतके नेमके उत्तर मी फार थोड्या वेळा ऐकले आहे. मी त्याला विचारले, "हे तू कारखान्याच्या माणसाला कधी सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं नाही, मॅडम. कागदावर तशी जागाच नसते."

सासूबाई पिकदाणी उचलता उचलता म्हणाल्या, "मग तू तुझा कागद कर की रे, बाळा."

त्याने आमच्या कोऱ्या गुणपत्रिकांपैकी दहा-बारा घडी करून खिशात घातल्या. मार्चअखेर तोडणी संपल्यावर त्यातली एक त्याने मला पाठवली. वर बागेचा तुकडा आणि तारीख, मग काटा, मग ब्रिक्स. आणि खाली, छापलेल्या रकाने सोडून, हाताने आखलेल्या दोन नव्या ओळी. 'बी: भाजल्या दाण्यासारखे.' 'साल: जांभूळ, शेवट आवळ्याचा.' तसाच एक कागद त्याने यंदाच्या मालाबरोबर कारखान्यातही दिला आहे.